लडाखच्या सहलीची तयारी आणि सामानाची बांधाबांध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत लडाखला जाण्याचे ठरले की बहुतेक घरांमध्ये पहिली चर्चा स्वेटरची होते. मी कुटुंबासह चार वेळा लडाखला जाऊन आले आहे आणि आमच्या सोसायटीतून किंवा नात्यातून कोणी निघाले की तयारीविषयीचे प्रश्न माझ्याकडे येतात. तेच ते प्रश्न वारंवार येत असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. ती प्रामुख्याने मे ते सप्टेंबर या काळात, मुलेबाळे आणि ज्येष्ठ मंडळींसह जाणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत. हिवाळ्यातील लडाख हा अगदी वेगळा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

महाबळेश्वर, मनाली किंवा काश्मीरच्या सहलीपेक्षा लडाखची तयारी वेगळी का करावी लागते?

कारण लडाखमध्ये थंडीपेक्षा उंची महत्त्वाची असते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आणि मनाली २,००० मीटरच्या आसपास. लेह शहर मात्र सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहूनही उंच. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश राहिल्यामुळे प्रत्येक श्वासासोबत शरीराला मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. खारदुंग ला खिंडीत तर हा दाब जवळपास निम्म्यावर येतो. मुंबईहून सकाळी निघून दुपारच्या आत लेहच्या विमानतळावर उतरणाऱ्या माणसाचे शरीर हा बदल काही तासांत सोसते, आणि पुढचे दोन-तीन दिवस ते त्या बदलाला रुळण्यातच खर्ची पडते. थंडी, कोरडी हवा आणि प्रखर ऊन हे सारे त्या उंचीसोबतच येते. म्हणून बॅगेत काय भरायचे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न कार्यक्रमात रिकामे दिवस किती ठेवायचे, हा आहे.

मग कार्यक्रम कसा आखावा? आम्हाला जेमतेम आठवडा मिळतो.

आठवडाच असेल तर एखादे ठिकाण गाळावे, पण विश्रांतीचे दिवस गाळू नयेत. विमानाने लेहला पोहोचल्यावर पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी फार तर बाजारात संथपणे एखादी फेरी मारावी. शांती स्तूपाला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. त्या पहिल्या दोन दिवसांत चढू नयेत, गाडीरस्त्याने वरपर्यंत जाता येते. तिसऱ्या दिवशी सिंधू नदीच्या काठाने पश्चिमेकडे बासगो, लिकिर, आलची या बाजूला जावे. आलची लेहपेक्षा खाली असल्याने शरीराला तेवढाच आराम मिळतो आणि तेथील मठातील प्राचीन भित्तिचित्रे निवांतपणे पाहता येतात. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर विमानतळावरून थेट आलचीच्या परिसरात उतरून पहिल्या एक-दोन रात्री तेथेच काढणे हा मला सर्वांत शहाणपणाचा पर्याय वाटतो.

त्यानंतर नुब्रा खोरे आणि सर्वांत शेवटी पँगाँग सरोवर, हा क्रम पाळावा. नुब्राला जाताना खारदुंग ला ही ५,३५९ मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागत असली, तरी दिस्कित आणि हुंदर ही मुक्कामाची गावे लेहपेक्षाही खाली, ३,१०० मीटरच्या आसपास आहेत. पँगाँगचा मुक्काम मात्र ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर होतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची दररोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. त्यामुळे लेहहून दुसऱ्याच दिवशी पँगाँगला नेणारा कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी स्वीकारू नये.

ही गोष्ट मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण आमची पहिली सहल अशाच कार्यक्रमाने झाली होती. आयोजकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चांग ला या खिंडीतून पँगाँग दाखवले आणि रात्री तेथेच तंबूत मुक्काम ठेवला. माझ्या थोरल्या दिरांना रात्री अकरानंतर उलट्या सुरू झाल्या, डोके इतके ठणकू लागले की त्यांना उताणे पडता येईना. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा उमगले की पँगाँगहून लेहला परतायचे, तर ५,३०० मीटरहून उंच असलेला चांग ला पुन्हा चढूनच जावे लागते. आजारी माणसाला लगेच खाली न्यायचे असते आणि नेहमीचा रस्ता आधी वर जातो, ही पँगाँगची खरी अडचण आहे, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ती कधीच छापलेली नसते. पहाटेपर्यंत त्यांना थोडे बरे वाटले म्हणून आम्ही निभावलो.

विमानाने जावे की रस्त्याने?

शरीराच्या दृष्टीने श्रीनगर–कारगिल–लेह हा रस्ता सर्वांत चांगला, कारण तो टप्प्याटप्प्याने वर नेतो. सोनमर्ग, मग सुमारे ३,५०० मीटरचा झोजी ला, पुढे द्रास आणि कारगिलला (सुमारे २,७०० मीटर) मुक्काम, असा हा प्रवास दोन दिवसांत होतो. मनालीचा रस्ता ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून सोपा झाला असला, तरी तो बोगद्यापुढे बारालाचा ला, तांगलांग ला अशा एकाहून एक उंच खिंडी चढत जातो, आणि वाटेतील सरचूचा तळ ४,२०० मीटरच्या वर आहे. त्या रस्त्याने जायचेच असेल तर केलाँग किंवा जिस्पा येथे किमान एक रात्र थांबावे. सरचूला झोपू नये. वेळ कमी असलेल्यांनी श्रीनगरहून रस्त्याने जावे आणि लेहहून विमानाने परतावे. दोन्ही रस्ते बर्फामुळे हिवाळ्यात बंद होतात आणि उघडण्याच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे मे महिन्यात निघणाऱ्यांनी रस्त्याची खात्री केल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नयेत.

डॉक्टरांना कोणी आणि केव्हा भेटावे?

चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने, आणि कोणताही जुना आजार असलेल्या प्रत्येकाने, निघण्याच्या किमान महिनाभर आधी भेटावे. हृदयविकार, फुप्फुसांचा जुना आजार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब आणि गरोदरपण या स्थितींत केवळ "जाऊ का?" एवढे न विचारता, कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार आहोत याचा कागद डॉक्टरांसमोर ठेवावा. रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्याकडे स्त्रियांमध्ये ते कमी असणे इतके नित्याचे झाले आहे की त्याची दखलच घेतली जात नाही. लेहमध्ये मात्र त्याचा त्रास जाणवतो.

विदर्भातील आणि नंदुरबार, धुळे, पालघर या भागांतील वाचकांसाठी एक वेगळी सूचना आहे. तेथील अनेक समाजांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी इतक्या उंचीवर जाऊच नये. परंतु ज्यांना एरवी काहीही त्रास नसतो, अशा केवळ वाहक असलेल्या व्यक्तींनाही मोठ्या उंचीवर प्लीहेला इजा होण्याचा धोका असतो. घरात कोणाला सिकलसेल असेल आणि स्वतःची तपासणी झालेली नसेल, तर ती आधी करून घ्यावी.

तंदुरुस्त तरुणांना त्रास होत नाही हा समज मनातून काढून टाकावा. रोज व्यायामशाळेत जाणारा पंचविशीतला मुलगा पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि आजारी पडतो, तर त्याची आजी पांघरूण घेऊन बसून राहते आणि ठणठणीत असते, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. निघण्याआधी महिनाभर रोज चालणे आणि जिने चढणे दमसासासाठी चांगले. मात्र त्याने उंचीचा त्रास टळतो असे समजू नये.

डायमॉक्सची गोळी घ्यावी का?

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. शरीराला उंचीशी जुळवून घेण्याची गती ती वाढवते, आणि विमानाने थेट लेहला जाणाऱ्यांना डॉक्टर बहुधा प्रवासाच्या आदल्या दिवसापासून ती सुरू करायला सांगतात. मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, शेजाऱ्यांच्या अनुभवावरून नव्हे. सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. ही गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते आणि सोड्याची पेये बेचव लागतात. हे अपेक्षित परिणाम आहेत. गोळी घेतली म्हणजे विश्रांतीचा दिवस वाचला असा हिशेब करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे वर्ज्य ठेवाव्यात.

त्रास होत आहे हे कसे ओळखावे?

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, गळून गेल्यासारखे वाटणे आणि झोप न लागणे ही पहिली लक्षणे आहेत. लेहमध्ये उतरल्यावर पहिल्या रात्री डोके थोडे दुखणे अनेकांना होते. विश्रांती घेतल्यावर आणि पाणी प्यायल्यावर ते उतरते. नियम साधा आहे : उंचीवर असताना वाटणारा कोणताही त्रास, अन्य कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीचाच समजावा, आणि लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये.

पुढील दोन प्रसंगी मात्र सकाळ होण्याची वाट पाहू नये. पहिला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा सरळ रेषेत एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून चालताना झोकांड्या जाऊ लागला, तर मेंदूला सूज आल्याची शक्यता असते. दुसरा, स्वस्थ बसलेले असतानाही दम लागत असेल आणि खोकला वाढत असेल, तर फुप्फुसात पाणी साचत असू शकते. दोन्ही स्थिती जिवावर बेतणाऱ्या आहेत आणि दोन्हींवरचा मुख्य उपाय ताबडतोब खाली उतरवणे आणि ऑक्सिजन देणे हाच आहे. लेहमधील सोनम नोर्बू स्मृती रुग्णालयाला अशा रुग्णांचा मोठा अनुभव आहे. आपल्या चालकाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे की मुक्कामाच्या प्रत्येक गावापासून सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र आणि लष्करी तळ कोठे आहे. लडाखचे चालक याबाबत अत्यंत जाणकार असतात, आणि "आता पुढे नको" असे चालकाने म्हटले तर त्याचे ऐकावे.

कापराची पुरचुंडी जवळ ठेवली की ऑक्सिजन वाढतो, हे खरे आहे का?

नाही. कापूर हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातील ऑक्सिजन त्याने वाढत नाही. हा समज आपल्याकडे इतका पसरला आहे की लेहच्या विमानात बसणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये निम्म्या लोकांच्या रुमालाला गाठ दिसते. कापूर ज्वालाग्राही आहे, त्यामुळे तो विमानात नेऊ नये, आणि लहान मुलाच्या पोटात गेला तर तो विषारी ठरतो, हे अधिक गंभीर. ऑक्सिजनचे छोटे डबे लेहमध्ये मिळतात आणि तेही विमानात नेता येत नाहीत. असा डबा काही मिनिटांतच संपतो. तो तात्पुरता दिलासा आहे, खाली उतरण्याला पर्याय नव्हे. लसणाचे सूप चवीसाठी अवश्य प्यावे, औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

रक्तातील ऑक्सिजन मोजणारे, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत असू द्यावे. मात्र नखांवर गडद रंग असेल किंवा बोटे गार पडली असतील तर आकडा चुकतो, आणि लेहमध्ये पहिल्या दिवशी तो नव्वदच्या खाली दिसणे असामान्य नाही. आकड्याने घाबरण्यापेक्षा माणसाकडे पाहावे : तो जेवतो आहे का, बोलतो आहे का, नीट चालतो आहे का.

कपडे कोणते आणि किती न्यावेत?

एक जाड कोट नेण्याऐवजी पातळ कपडे थरांनी घालावेत, कारण लडाखमध्ये एकाच दिवसात तीन ऋतू अनुभवायला मिळतात. जून महिन्यात लेहच्या बाजारात दुपारी अर्ध्या बाहीच्या शर्टावर फिरता येते, त्याच दिवशी खिंडीत बर्फ पडत असते आणि पँगाँगच्या काठी रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट, असे तीन थर पुरतात. अंगालगतचा थर सुती बनियनचा असू नये. घाम शोषून सुती कापड ओले राहते आणि वारा लागताच गार पडते.

आठ दिवसांसाठी थर्मलचे दोन जोड, दोन पँट, चार शर्ट आणि एक स्वेटर इतके पुरे. हवा कोरडी असल्याने रात्री धुतलेले कपडे बहुधा सकाळपर्यंत वाळतात, आणि रोज नवे कपडे घालण्याइतका घामही येत नाही. पायमोजे मात्र भरपूर न्यावेत, आणि एक लोकरी जोड केवळ झोपताना घालण्यासाठी राखून ठेवावा, तो दिवसा वापरू नये. कानटोपी, हातमोजे आणि मफलर हे बॅगेत तळाशी न ठेवता गाडीत हाताशी ठेवावेत, कारण ते लागतात तेव्हा बॅग टपावर बांधलेली असते. पिसांचे महागडे जाकीट एका सहलीसाठी विकत घेण्याची गरज नाही. लेहमध्ये ते भाड्याने मिळते.

सासूबाई साडीच नेसतात. त्यांची व्यवस्था कशी करावी?

साडीखाली थर्मलची विजार आणि ब्लाऊजखाली पूर्ण बाहीचे थर्मल घालता येते, आणि वरून पुढे बटणांचा लांब स्वेटर घातला की शालीपेक्षा अधिक ऊब मिळते, कारण वाऱ्यात शाल सावरता सावरता हात बाहेरच राहतात. सिंथेटिक साडी नेसावी. ती कोरड्या हवेत अंगाला चिकटते खरी, पण सुती साडीसारखी गारठत नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दागिन्यांची आहे. उंचीवर अनेकांची हातापायांची बोटे आणि चेहरा थोडा सुजतो. माझ्या सासूबाईंनी लोकरी मोजे आणि बूट घातले तेव्हा पायातली जोडवी काढली नव्हती. संध्याकाळी नुब्रातल्या मुक्कामी मोजा काढला, तेव्हा जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी बोट टम्म फुगले होते आणि घट्ट बुटाने जोडवे कातडीत रुतले होते. बोटाला हात लावू नकोस म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या. शेवटी तेल लावून, पाय उंच ठेवून, तासाभराने ते निघाले. म्हणून घट्ट अंगठ्या, जोडवी आणि बांगड्या घरीच काढून ठेवाव्यात. ज्यांना जोडवी उतरवणे मनाला पटत नाही, त्यांनी ती प्रवासापुरती दोऱ्यात ओवून गळ्यात घालावीत. सासूबाईंनी पुढच्या खेपेला तसेच केले.

नवे बूट घ्यावेत का?

घ्यायचे असतील तर महिनाभर आधी घेऊन रोज घालून चालावे, आणि जाड मोज्यांसाठी अर्धा क्रमांक मोठे घ्यावेत. माळ्यावर पाच-सहा वर्षे पडून असलेले ट्रेकिंगचे बूट दिसायला शाबूत असले तरी त्यांचा तळ सुटण्याची दाट शक्यता असते. आठवडाभर घालून तपासावेत.

ऊन आणि कोरडी हवा यांसाठी काय न्यावे?

दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थंडी वाजत असतानाच कातडी भाजून निघते. एसपीएफ ५० चे सनस्क्रीन, ओठांसाठी मलम, रुंद कडेची टोपी आणि अतिनील किरणे पूर्णपणे अडवणारा गॉगल प्रत्येकाला हवा, लहान मुलांनाही. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाने डोळ्यांना इजा होते, म्हणून खेळण्यातला रंगीत चष्मा उपयोगाचा नाही. नाकाच्या आतून रात्री थोडे व्हॅसलिन लावले तर कोरडेपणाने रक्त येत नाही.

औषधांच्या पेटीत काय असावे?

नेहमीची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. त्याखेरीज ताप व डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल, उलटीवरचे औषध, ओआरएसची पाकिटे, पोटाच्या तक्रारींची औषधे, मलमपट्टी. रक्तदाबाच्या गोळ्या "तिकडे गार हवा आहे" म्हणून बंद करू नयेत, आणि डायमॉक्ससोबत त्या कशा घ्यायच्या हे आधीच विचारून घ्यावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी. ते गोठता कामा नये, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये. पँगाँगच्या तंबूत रात्री ते पांघरुणात जवळ घेऊन झोपावे. साखर मोजण्याचे यंत्रही थंडीत चुकीचा आकडा दाखवू शकते, म्हणून वापरण्यापूर्वी ते खिशात उबदार करून घ्यावे.

खाण्याचे पदार्थ कोणते न्यावेत?

पहिल्या दोन दिवसांत भूक मंदावते आणि मसालेदार, तळलेले नकोसे होते. त्या वेळी मेतकूट-भातासारखे साधे अन्न पोटात राहते, म्हणून मेतकुटाची एक बाटली अवश्य न्यावी. भात सगळीकडे मिळतो. राजगिऱ्याचे लाडू, गूळपोळ्या, खाकरे, भाजलेले दाणे-गूळ आणि घाटाच्या वळणांवर चघळण्यासाठी आलेपाक एवढे पुरेसे आहे. स्थानिक थुक्पा (नूडल्सचे सूप) हा गरम, पातळ आणि पचायला हलका असतो. तो अगदी लहान मुलेही आवडीने खातात.

गरम पाणी घालून होणारे तयार पोहे किंवा उपमा नेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की लेहमध्ये पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते. त्यामुळे पाकिटावर पाच मिनिटे लिहिली असतील तर दहा मिनिटे झाकून ठेवावे. हवेचा दाब कमी असल्याने पुण्यात हवाबंद केलेली चिवड्याची पाकिटे खिंडीत चेंडूसारखी फुगतात; त्यांना टाचणीने बारीक भोक पाडून मग डब्यात ठेवावे. शाम्पू आणि सनस्क्रीनची झाकणेही तोंडापासून दूर धरून, हळूहळू उघडावीत.

विमानाच्या सामानात नेहमी होणाऱ्या चुका कोणत्या?

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच असाव्यात, चेक-इन बॅगेत नव्हे. लोणचे, तूप आणि चटण्या उलट चेक-इनमध्ये टाकाव्यात. सुके खोबरे मात्र तेलामुळे ज्वालाग्राही मानले जाते आणि त्याची वाटी चेक-इन सामानातून काढून टाकली जाते, म्हणून ओटीचे सामान बांधताना ते वगळावे. लायटर आणि काड्यापेटी नको. वजनाची मर्यादा देशांतर्गत विमानांना बहुधा १५ किलो आणि हातात ७ किलो असते, पण आपल्या तिकिटावर लिहिलेला आकडाच खरा. चाकांच्या कडक बॅगेपेक्षा मऊ, लांबट बॅग घ्यावी : ती टपावर नीट बांधली जाते आणि लडाखी घरांच्या अरुंद, उभ्या जिन्यांवरून खांद्यावर घेऊन चढता येते. स्वतःची बॅग स्वतः उचलून दोन मजले चढता येत नसेल तर तिच्यातील सामान कमी करावे. ज्या उंचीवर आपल्याला दम लागतो, तेथे ते ओझे दुसऱ्या कोणाला तरी उचलावे लागते.

फोन, पैसे आणि वीज यांची काय व्यवस्था करावी?

महाराष्ट्रात घेतलेले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही. कुटुंबातील किमान दोघांनी, वेगवेगळ्या कंपन्यांचे, पोस्टपेड करून घ्यावे आणि हे काम तीन आठवडे आधी उरकावे. बँकेचा पासवर्ड ज्या क्रमांकावर येतो, तोच क्रमांक पोस्टपेड असावा, ही गोष्ट बहुतेकांच्या लेहला पोहोचल्यावर लक्षात येते. लेहमध्ये एटीएम आहेत. लेह सोडल्यावर त्यांच्यावर भिस्त ठेवू नये आणि रोख रक्कम सोबत बाळगावी, शंभर-दोनशेच्या नोटांसह. तंबूंच्या मुक्कामी वीज बहुधा संध्याकाळचे काही तासच असते आणि थंडीने फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन रात्री पांघरुणात ठेवावा आणि प्रत्येकाजवळ छोटी विजेरी असावी.

कोणती कागदपत्रे लागतात? परदेशातील नातेवाईक सोबत असल्यास काय?

प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र, मुलांचे आधार कार्ड, आणि प्रत्येकी पाच-सहा छायाप्रती. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी, हानले अशा सीमावर्ती भागांसाठीची परवानगी व शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात. लेह जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते पाहावेत किंवा हॉटेल अथवा टॅक्सीचालकामार्फत काम करून घ्यावे.

अमेरिकेतून किंवा युरोपातून सुट्टीला आलेले मुलगे-सुना सोबत असतील आणि त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी त्यांना परदेशी नागरिकांप्रमाणे वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती लेहमधील नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत आधीच काढावी. त्यांनी तिकडून उपग्रहावर चालणारे फोन वा संदेशयंत्र आणू नये. भारतात ते विनापरवाना बाळगणे गुन्हा आहे.

पाणी आणि स्वच्छतागृहांची सोय कशी असते?

लेहला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटरच पाऊस पडतो. शेती आणि पिणे दोन्ही बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर चालते, आणि पर्यटकांच्या हंगामात हॉटेलांच्या कूपनलिकांचा ताण त्यावर पडतो. म्हणून रोज शॉवरखाली आंघोळ करण्याचा हट्ट सोडावा. बादलीभर कोमट पाणी पुरते, आणि पहिल्या दोन दिवसांत तर आंघोळ टाळलेलीच बरी. प्रत्येकाने स्वतःची बाटली आणि कुटुंबामागे एक थर्मास न्यावा, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. पारंपरिक लडाखी घरातील कोरड्या शौचालयात पाणी ओतायचे नसते, शेजारी ठेवलेली माती टाकायची असते. त्याचे पुढे शेतासाठी खत होते.

प्रवासात शौचालये दूरदूर असल्यामुळे अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. कोरड्या हवेत याने डोकेदुखी वाढते, आणि ती उंचीची की पाण्याची हे कळेनासे होते. चालकाला संकोच न करता गाडी थांबवायला सांगावे. आडोशासाठी एक मोठी ओढणी किंवा छत्री, कागदी रुमाल आणि वापरलेले सॅनिटरी पॅड परत आणण्यासाठी घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या जवळ असाव्यात. हा कचरा लेहपर्यंत परत आणावा, वाटेत टाकू नये.

लहान मुलांना न्यावे का?

बोलता न येणाऱ्या मुलाला डोके दुखते हे सांगता येत नाही, म्हणून माझ्या मते चार-पाच वर्षांखालील मुलांसह पँगाँगचा मुक्काम करू नये. लेह, आलची आणि नुब्रा त्यांना पुरेसे आनंदाचे आहे. मूल विनाकारण किरकिर करू लागले, खेळेनासे किंवा जेवेनासे झाले, तर ते हट्ट करते आहे असे न समजता उंचीचा त्रास गृहीत धरावा.

निघण्यापूर्वी घराची काय व्यवस्था लावावी?

गॅस, पाण्याचा मुख्य नळ आणि दूध-वृत्तपत्र बंद करणे सर्वांना ठाऊकच असते. जूनमध्ये निघणाऱ्यांनी मागे पाऊस सुरू होणार हे धरून गच्चीची पन्हाळी साफ करावी आणि खिडक्या लावून घ्याव्यात. शेजारी किल्ली ठेवताना तुळशीच्या पाण्यासोबत आपल्या मुक्कामांची यादी आणि चालकाचा क्रमांकही द्यावा, कारण तीन-चार दिवस आपला फोन लागणार नाही आणि घरची मंडळी घाबरून जातील.

परतीचे आरक्षण करताना काय लक्षात घ्यावे?

लेहची विमाने बहुतांशी सकाळीच उडतात आणि हवामान बिघडले तर रद्द होतात. त्यामुळे लेहहून दिल्लीला उतरून त्याच संध्याकाळची राजधानी पकडण्याचे आरक्षण करू नये. मधे एक दिवस मोकळा ठेवावा. पँगाँगहून परतल्यावर लेहमध्ये एक रात्र राहून मग विमान धरावे, कारण चांग ला वरच्या बर्फाने गाड्या तासन् तास अडकतात. प्रवासविमा घेत असाल तर त्यात किती उंचीपर्यंतचे उपचार आणि हलवण्याचा खर्च धरला आहे हे वाचून घ्यावे. जर्दाळूंसाठी बॅगेत थोडी जागा ठेवावी. लेहच्या बाजारात रस्त्याकडेला बसलेल्या बायकांकडून घेतलेले सुके जर्दाळू रात्री भिजत घालून सकाळी खाल्ले तर त्यांची खरी चव कळते.